उभ्या रेघा, आडव्या रेघा

डेटाबेसवर क्वेरी मारल्यावर, म्हणजे त्याला प्रश्न विचारल्यावर, उत्तर पडद्यावर उमटतं, ते बघायला मला अजून आवडतं. आधी अधिकची चिन्हं आणि हायफन यांची एक ओळ येते. तिच्याखाली कॉलमांची नावं, पुन्हा तशीच ओळ, आणि मग एकाखाली एक रो, समजा सात. आकडे उजव्या कडेला टेकलेले, नावं डाव्या. सगळ्यात खाली बारीकशी नोंद: इतक्या रो, इतके सेकंद. कोट्यवधी नोंदींच्या गर्दीतून ज्यांना हाक मारली तेवढीच माणसं पुढे येऊन रांगेत उभी राहिलेली असतात. चौकट इतकी काटेकोर असते, की प्रश्न सुटलाच असं वाटून जातं. सुटलेला नसतो. नुसता नीट मांडलेला असतो.

खरं काम त्यानंतरचं. हे उत्तर उचलायचं आणि तिकिटावर लावायचं. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं, की त्याची तक्रार एका ठरलेल्या ठिकाणी नोंदवतात. तिला एक नंबर मिळतो, ती कुणाच्या तरी नावावर पडते, तिच्याखाली चर्चा होते, आणि यथावकाश ती बंद होते. ही तक्रार म्हणजे तिकीट. काही जण इश्यू म्हणतात. पुण्यातल्या बहुतेक ऑफिसांत ‘जिरावर टाक’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

तर आपण ते देखणं उत्तर माउसने निवडतो, कॉपी करतो, तिकिटात पेस्ट करतो, आणि चौकट कोसळते. जिरा या तिकिटांच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या लेखनपद्धतीत दोन अधिक चिन्हांमधला मजकूर अधोरेखित होतो, दोन हायफनांमधला खोडला जातो, दोन ताऱ्यांमधला ठळक होतो. चार हायफन एका ओळीत आले, की पानभर आडवी रेघ. कंसात एकटा ‘एक्स’ आला, की तिथे फुली उगवते, आणि ‘एन’ आला तर खाली वळलेला अंगठा. गिटहबवर तऱ्हा वेगळी. हॅशपुढचा आकडा दुसऱ्याच कुठल्या तक्रारीची लिंक बनतो. ॲट या चिन्हापुढे नाव आलं आणि त्या नावाचं खातं तिथे खरोखर असलं, तर जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या त्या गृहस्थांना निरोप पोचतो, की तुमची इथे आठवण काढली आहे. त्यांचा आपल्या तक्रारीशी काडीचा संबंध नसतो.

आपल्याकडच्या डेटाची गंमत आणखी निराळी. दुकानाचं नाव विचारलं, की माणूस आधी देवाचं नाव लिहितो. कीबोर्डवर दंड सापडत नाही, म्हणून तो इंग्रजी पाइपच्या दोन उभ्या रेघा वापरतो आणि ‘||श्री||’ असं टंकतो. जिराच्या त्या जुन्या लेखनपद्धतीत दोन उभ्या रेघांमधला मजकूर म्हणजे तक्त्याचा मथळा. त्यामुळे अशी नावं एकाखाली एक नुसती पेस्ट केली, तर किराणा दुकानांच्या यादीत प्रत्येक श्री राखाडी पट्टीवर ठळक अक्षरांत मथळा होऊन बसतो. देवाला मान मिळतो, तक्त्याची वाट लागते.

उपाय सोपे आहेत, आणि कामाच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी ते सांगतंच. जिरात महिरपी कंसात ‘नोफॉरमॅट’ लिहायचं, गिटहबवर तीन बॅकटिक द्यायचे, आणि त्यांच्यामध्ये उत्तर ठेवायचं. मग प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीच्या घरात बसतं आणि रेघा पुन्हा जुळतात. पण एवढ्यावर विषय संपत नाही.

तिकीट वाचणारा माणूस आपल्यासमोर नसतो. तो दुसऱ्या शिफ्टला येतो, दुसऱ्या शहरात बसतो, कधी दुसऱ्या देशात. कधी तो अजून नोकरीलाही लागलेला नसतो. तीन वर्षांनी तसाच बिघाड पुन्हा होईल, शोध घेता घेता तो आपल्या जुन्या तिकिटाशी पोचेल, आणि तोवर आपण ती नोकरी सोडलेली असेल. त्याला आपला चेहरा, आपली घाई, ‘अरे, ते गृहीतच होतं’ हे आपलं वाक्य यांतलं काहीच मिळणार नाही. मिळेल तो चिकटवलेला तक्ता. म्हणून मी त्याला पंचनामा मानतो. पंचांनी आपलं मत द्यायचं नसतं. जागेवर जे आणि जसं दिसलं, ते तसं लिहायचं: चतुःसीमा, वेळ, वस्तू, त्या कुठे कशा पडल्या होत्या. पंचनामा वाचणाऱ्याने ती जागा पाहिलेली नसते, आणि पुढे ती तशी राहणारही नसते.

डेटाबेसच्या बाबतीत तर जागा तशी राहत नाही हे शब्दशः खरं. आपण क्वेरी मारली आणि चहा घेऊन परत आलो, तेवढ्यात त्या सात रोंपैकी दोन बदललेल्या असतात. चालत्या प्रवाहातून आपण ओंजळभर काढलेलं असतं, आणि कधी काढलं हे लिहिलं नाही तर त्या ओंजळीला काही अर्थ उरत नाही.

या सात रो याच क्रमाने का आल्या, हाही प्रश्न आहे. एडगर कॉड हे मुळात गणिती. आयबीएममध्ये असताना १९७० साली त्यांनी तो गाजलेला शोधनिबंध लिहिला, ज्यावर आजचे हे सगळे डेटाबेस उभे आहेत. त्यांच्या मांडणीत तक्ता म्हणजे एक संच, आणि संचाला पहिला-दुसरा नसतो. क्वेरीत ‘ऑर्डर बाय’ लिहिलेलं नसेल, तर वरची रो वर का आहे याला कुणीही उत्तर देणं लागत नाही. उद्या तीच क्वेरी तेच लोक वेगळ्या क्रमाने उभे करील आणि कसलाही नियम मोडलेला नसेल. तरी तिकिटांवर मी वाचतो, ‘पहिली रो बघा’. कुणाची पहिली? म्हणून उत्तराच्या वर क्वेरी हवीच, अक्षरशः जशी मारली तशी. क्वेरीशिवाय लावलेलं उत्तर म्हणजे प्रश्न न सांगता दिलेली साक्ष.

या रेघांचं घराणंही जुनं आहे. १९२८ साली आयबीएमने छिद्रांचं जे कार्ड आणलं त्यात ८० कॉलम होते. कार्डं गेली, पण ८० हा आकडा मागे राहिला. १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलची ओळ नेहमीच्या मापाला ८० अक्षरांची होती, आणि ओरॅकलच्या एसक्यूएल-प्लसमध्ये आजही मुद्दाम बदललं नाही तर ओळ ८० अक्षरांची आणि पान चौदा ओळींचं असतं. दर चौदा ओळींनी ते मथळे पुन्हा छापतं. कागद कधीच थांबला, पण पान उलटण्याची त्याची सवय गेली नाही. अधिक, हायफन आणि पाइप यांनी चौकट आखण्याचं कारणही असंच: जुन्या आस्की संचात कोपऱ्यांची आणि रेघांची वेगळी चिन्हंच नव्हती. जे होतं त्यात भागवलं. युनिकोडमध्ये आता चौकटीसाठी खास चिन्हं आहेत आणि पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलला सांगितलं तर ते गुळगुळीत, अखंड रेघा काढून देतं. दिसायला सुरेख. तरी मला ते ओबडधोबड अधिकच आवडतात, कारण ईमेल असो की कुठलाही जुनाट पडदा, ते कुठेही तुटत नाहीत.

एसक्यूएल-प्लसच्या एका सवयीबद्दल मला आदर आहे. आकडा कॉलमच्या रुंदीत मावला नाही, तर ते आकडा कापून दाखवत नाही. त्या जागी सरळ हॅशची रांग काढतं. माझ्याकडे आहे, पण या जागेत मी तो खरा दाखवू शकत नाही, एवढंच ते म्हणतं. नवी मंडळी त्या हॅशना वैतागतात. पण दहा लाखांचे एक लाख दिसण्यापेक्षा काहीच न दिसणं केव्हाही बरं. पीएसक्यूएलचंही असंच एक आहे. एखाद्याने पत्ता लिहिताना मध्येच एंटर दाबलेलं असेल, तर ते ओळ मोडतं, पण कडेला एक बारीक अधिक चिन्ह ठेवतं: इथे ओळ मी नाही मोडली, डेटातच मोडलेली आहे. त्या एका चिन्हामुळे कुरिअरच्या लेबलांवर पत्ते अर्धेच का छापले जातात, असली कोडी सुटतात. तिकिटावर लावताना काही जण ‘हे काय मध्येच’ म्हणून ते चिन्ह पुसून टाकतात. टापटिपीपायी पुरावा जातो तो असा.

कॉलम फार असतील तर आडवा तक्ता निरुपयोगी. ओळी गुंडाळल्या जातात आणि कुठला आकडा कुठल्या मथळ्याचा हे बोटाने मोजत बसावं लागतं. अशा वेळी मायएसक्यूएलमध्ये क्वेरीच्या शेवटी बॅकस्लॅश आणि मोठा जी द्यायचा, पीएसक्यूएलमध्ये क्वेरीआधी बॅकस्लॅश एक्स. मग प्रत्येक रो उभी मांडली जाते: डावीकडे कॉलमचं नाव, उजवीकडे त्यातली किंमत. एकाच माणसाची सगळी हकीकत सांगायची असेल तर हीच मांडणी उत्तम. दहा माणसांची तुलना करायची असेल तर अगदी वाईट. कुठली निवडायची हे क्वेरीवरून ठरत नाही. वाचणाऱ्याने कुठे बघावं असं आपल्याला वाटतं, त्यावरून ठरतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. रिकामं घर.

डेटाबेसमध्ये रिकामं दोन तऱ्हांचं असतं. एक म्हणजे लिहिलं, पण काही लिहिलं नाही: शून्य लांबीचा मजकूर. दुसरं नल: इथे काय आहे ते माहीत नाही. नल हा शून्य नव्हे, रिकामा मजकूरही नव्हे. नल बरोबर नल का, असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येत नाही, ‘नाही’ही येत नाही. तेही नलच येतं. दोन अज्ञात गोष्टी सारख्या आहेत की नाहीत हेही अज्ञातच, असा तो विचार आहे. मला तो एसक्यूएलमधला सगळ्यात प्रामाणिक विचार वाटतो, आणि सगळ्यात छळणाराही. ओरॅकलने रिकाम्या मजकुरालाच नल मानून हा भेद मिटवून टाकला, ते मला कधी पटलं नाही. पीएसक्यूएल भेद पाळतं, पण आपण काही सांगितलं नाही तर दाखवताना दोन्ही सारखंच कोरं दाखवतं. मायएसक्यूएल ‘नल’ असं अक्षरांत छापतं. म्हणजे तोच डेटा तिकिटावर एकाच्या हातून कोरा दिसेल आणि दुसऱ्याच्या हातून बोलका. पीएसक्यूएल वापरणाऱ्यांनी नलसाठी एखादं ठळक चिन्ह कायमचं ठरवून ठेवावं. एका ओळीची आज्ञा आहे, एकदा फाइलीत लिहिली की झालं.

हा भेद किती खोल जातो याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात सरकारी कागदपत्रांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केला. माणसांच्या जगात हा एक निर्णय आहे. डेटाबेसच्या जगात तो एक नवा कॉलम आहे. नवा कॉलम आला, की त्याआधीच्या सगळ्या रोंमध्ये तिथे नल बसतो. आता कुठल्याही शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा विम्याच्या यादीतलं आईच्या नावाचं रिकामं घर घ्या. इथे रिकामं म्हणजे काय? आईचं नाव माहीत नाही? सांगायचं नव्हतं? लिहिणाऱ्याने टाळलं? की त्या वेळी कुणी विचारलंच नव्हतं? लाखो रोंमधले ते नल बहुधा शेवटच्या तऱ्हेचे असणार: आईला नाव होतं, आपल्या फॉर्मला घर नव्हतं. आणि ज्या रोमध्ये नल नाही, रिकामा मजकूर आहे, तिथे फॉर्ममध्ये घर होतं, कुणीतरी त्या घरापर्यंत आलं आणि काही न लिहिता पुढे गेलं. या दोन स्त्रियांची गोष्ट वेगळी आहे. पेस्ट करताना दोन्ही घरं सारखीच कोरी दिसली, तर पुढचा वाचणारा दोघींना एकच औषध देणार.

तोच दिनांक वेळेच्या घोळासाठीही घ्या. भारतात मध्यरात्र होते तेव्हा जागतिक वेळेत आदल्या दिवसाच्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. जन्मतारीख नुसती तारीख म्हणून न ठेवता कुणी तारीख-वेळ म्हणून ठेवली, आणि सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असला, तर १ मे २०२४ ला जन्मलेलं बाळ तक्त्यात ३० एप्रिल २०२४, १८:३० असं उभं राहतं. नियमाच्या एका दिवस अलीकडे. भारतातल्या प्रत्येक प्रोग्रॅमरला १८:३० हा आकडा ओळखीचा असतो. तक्त्यात तो दिसला की आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवतो. परदेशातल्या सहकाऱ्याला मात्र ती नुसती एक संध्याकाळ वाटते. त्यात भर म्हणजे काही प्रकारचे कॉलम वेळ दाखवताना बघणाऱ्याच्या सेशनचा टाइमझोन वापरतात. तीच रो पुण्यातून पाहिली तर एक वेळ, न्यू जर्सीतून पाहिली तर दुसरी. दोघेही आपापलं उत्तर तिकिटावर लावतात, दोघांचंही खरं असतं, आणि डेटा आपोआप बदलतोय असं तिसरा समजतो. वेळेपुढे अधिक साडेपाच एवढं लिहिलं असतं तर ही चर्चा सुरूच झाली नसती.

तक्रारीला पुरावा चिकटवण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ९ सप्टेंबर १९४७ चं. हार्वर्डच्या मार्क टू या यंत्रात एक पतंग सापडला, आणि तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत पट्टीने चिकटवला. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. त्या यंत्रावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर ही गोष्ट रंगवून सांगत, त्यामुळे बग हा शब्दच तिथून आला असा समज पसरला. तसं नाही. एडिसनच्या काळापासून इंजिनिअर तो वापरत होते. मला त्या पानाचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी आहे. नोंद अवघ्या दोन ओळींची. त्यात वेळ आहे: दुपारचे पावणेचार. जागा आहे: पॅनल एफ, रिले ७०. वस्तू तर प्रत्यक्षच आहे. आणि खाली एक किंचित मिश्किल शेरा. कारणमीमांसा नाही, कुणावर ठपका नाही. एवढं नेमकं तिकीट आजही विरळाच.

पतंगाऐवजी आज लोक स्क्रीनशॉट चिकटवतात. स्क्रीनशॉटवर माझा राग आहे आणि तो लपवण्याचं मला कारण दिसत नाही. त्यातला आकडा कॉपी करता येत नाही, ग्राहक क्रमांक शोधला तर ते तिकीट सापडत नाही, आणि जो सहकारी पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने काम करतो त्याला तिथे नुसतं एक चित्र आहे एवढंच कळतं. याच सहकाऱ्याचा विचार केला तर माझ्या लाडक्या अधिक-हायफनच्या चौकटीही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. ते सॉफ्टवेअर बिचारं ओळभर ‘डॅश डॅश डॅश’ वाचत सुटतं. मार्कडाउन पद्धतीने लिहिलेल्या तक्त्याचा मात्र वेबपानावर खरा तक्ता होतो, आणि एकेका घरावर गेलं की कुठल्या कॉलमचं घर ते ऐकू येतं. एसक्यूएलाइटने २०२० मध्ये मार्कडाउनमध्येच उत्तर देण्याची सोय केली. पाच-सात रो असतील तर मी आता तीच पद्धत वापरतो, फक्त डेटात पाइप असला की तो सांभाळावा लागतो. म्हणजे पुन्हा ‘||श्री||’.

एक्सेलमार्गे येणाऱ्या उत्तरांबद्दल थोडक्यातच बोलतो. एक्सेल आकड्याचे पंधरा अंक लक्षात ठेवतं. सोळा अंकी खाते क्रमांक तिथे आकडा म्हणून शिरला, की शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीची शून्यं गळून पडतात. जनुकांच्या काही नावांच्या एक्सेल तारखा करत असे. शास्त्रज्ञ त्याला इतके कंटाळले, की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. एक्सेलमधून काढलेला तक्ता पुरावा म्हणून मी स्वीकारत नाही.

आणि माणसं. तक्त्यातली सात माणसं ही खरी माणसं आहेत, हे रेघांच्या टापटिपीत विसरायला होतं. कुणाचा तरी कर्जाचा अर्ज तीनदा नाकारलेला असतो. कुणाच्या तपासणीचा रिपोर्ट असतो. शेजारी मोबाइल नंबर असतो, पूर्ण दहा अंकी. तिकीट उघडलं, की ते बघणाऱ्या प्रत्येकाला ईमेल जाते, आणि त्या ईमेलमध्ये आपला तक्ता असतो. नंतर ध्यानात आल्यावर तिकिटातून नंबर खोडले तरी पाठवलेली ईमेल परत येत नाही. वर तिकिटाच्या इतिहासात जुनी प्रत राहते ती राहतेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे, पण त्या भीतीने ही सवय लावायची वेळ येऊ नये. आपलं नाव असं कुणाच्या तिकिटावर पडलेलं आपल्याला चालेल का, एवढा प्रश्न पुरे.

झाकण्यातही कसब आहे. सगळ्यांची नावं पुसून सरसकट फुल्या मारल्या, तर तक्ता मुका होतो. पहिल्या आणि चौथ्या रोमधली बाई एकच होती, बिघाडाचं मूळ नेमकं त्यातच होतं, आणि तेच नाहीसं होतं. म्हणून ‘ग्राहक अ’, ‘ग्राहक ब’ असं लिहावं, आणि अ जिथे जिथे येईल तिथे अच ठेवावा. झाकलं आहे हे खाली सांगावं. पंचनाम्यात फेरफार करायचा नसतो, पण साक्षीदाराचं नाव राखून ठेवता येतं.

शेवटी मराठीचं दुखणं. वर सांगितलेली सगळी काळजी घेतली, चौकट कोडब्लॉकमध्ये ठेवली, तरी नावांचा कॉलम मराठीत असला, की उजवीकडची उभी रेघ वेडीवाकडी होते. कारण सरळ आहे. सारख्या रुंदीच्या घरांची ही सगळी योजना ज्या लिपीसाठी झाली त्या लिपीत एक अक्षर म्हणजे एक घर. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडमध्ये ती दहा चिन्हं होतात, कारण प्रत्येक हलंत, काना आणि मात्रा वेगळी मोजली जाते. यूटीएफ-८ मध्ये साठवलं की तीस बाइट. आता चौकट आखणाऱ्याने या नावाला किती घरं द्यायची? चार, दहा, की तीस? ठरलेल्या नियमाने हलंत आणि एकारासारखी मात्रा अक्षराच्या वरखाली बसते, तिला शून्य घर. काना शेजारी उभा राहतो, त्याला एक. त्या हिशेबाने सात घरं होतात. मग टर्मिनल आणि फॉन्ट आपसांत ठरवतात की ‘ज्ञ’ जोडून काढायचा की तोडून, आणि सातांचं काहीतरी वेगळंच होतं. पीएसक्यूएलमधला रुंदी मोजण्याचा भाग मार्कुस कुन यांनी २००१ मध्ये लिहून सर्वांसाठी मोकळ्या ठेवलेल्या कोडवरून आलेला आहे. चिनी आणि जपानी अक्षरांना दोन घरं द्यायची, हे त्यात नीट सांभाळलेलं आहे. जोडाक्षराला किती द्यायची याचा त्यात विचार नाही. ते कोड लिहिणाऱ्यांचा यात दोष नाही. ज्यांच्या रेघा वाकड्या होत होत्या त्यांनी ठणकावून सांगितलं असेल, म्हणून त्यांचं झालं.

आपण मात्र वर्षानुवर्षं नावं इंग्रजी अक्षरांत साठवून मोकळे होतो. चुकीच्या कॅरेक्टर सेटमुळे नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ आली, तर ‘डेटा मराठी आहे, असंच येतं’ म्हणून पुढे जातो. असंच येत नसतं. तेव्हा वाचकहो, यातली जी साधनं मोफत आणि खुली आहेत त्यांच्याकडे तक्रार करा. क्वेरी जोडा, खऱ्या माणसांऐवजी बनावट नावं घाला, साधनाची आवृत्ती, टर्मिनल आणि फॉन्ट कुठला तेही लिहा. नुसता मजकूर चिकटवलात तर त्यांच्या ब्राउझरमध्ये रेघ निराळीच वाकेल, म्हणून या एका तिकिटाला मात्र स्क्रीनशॉट लावा.